बायको म्हणून लिहा

"बायको की गुलाम? एवढंच विचारलंय, आपा. एका शब्दाचं काम आहे," मिफ्ताह म्हणाला.

खुशकदमने पिळून ठेवलेला शिपायाचा सदरा पुन्हा पाण्यात बुचकळला. सदरा स्वच्छ निघाला होता. पण रिकाम्या हातांनी असल्या प्रश्नाकडे बघणं तिला जमेना.

"मागच्या महिन्यात तर चोर म्हणत होते मला."

"ते मागचं पत्र झालं. चोरीचं आता सोडून दिलंय त्यांनी." मिफ्ताह पायरीवर बसला आणि त्याने मांडीवर कागद उलगडला. तो ठाण्याचा दुभाषी, कझानकडचा तातार. वयाने तिच्याहून थोडा लहान, म्हणून तिला आपा म्हणायचा. चार बुकं शिकलेला, म्हणून ती त्याला मुल्ला म्हणायची. "अभिनंदन, आपा. सतरा वर्षांपूर्वी तुझं लग्न झालंय. दोन साक्षीदार आहेत, काझीचा शिक्का आहे, काही कमी नाही."

"मला नाही कुणी बोलावलं त्या लग्नाला," खुशकदम म्हणाली.

मिफ्ताह हसला. ती हसत नव्हती.

सरहद्दीवरच्या या रशियन ठाण्यातून चार महिन्यांत बुखाऱ्याला तीन पत्रं गेली होती आणि तिन्हींची उत्तरं आली होती. पहिल्या उत्तरात अमिराच्या कचेरीने कळवलं, अशी कोणी बाई बुखाऱ्यात नव्हतीच. दुसऱ्यात, बाई आहे, पण मालकिणीचा बुरखा चोरून पळालेली मोलकरीण आहे, सबब परत द्यावी. आणि आजच्या तिसऱ्या उत्तरात ती रेशमाचे व्यापारी नारमुराद बाय (बाय म्हणजे तिकडचे शेठ) यांची निकाहाची बायको निघाली होती.

यात अमिराच्या कचेरीचं डोकं होतं. रशियनांनी लढाई जिंकून अमिराकडून करार लिहून घेतला होता: माणसांचा बाजार बंद. त्यावर वरच्या जनरलचा हुकूम होता, की पळून आलेला गुलाम परत द्यायचा नाही. पण त्याच हुकमाच्या पुढच्या ओळीत असंही होतं, की मुसलमानांच्या घरगुती बाबतीत, नवरा-बायकोच्या मध्ये, रशियन अधिकाऱ्याने पडायचं नाही. म्हणजे खुशकदम गुलाम ठरली तर सुटली, आणि बायको ठरली तर गाडीत घालून नवऱ्याच्या हवाली. कॅप्टन द्रोझदोव्ह हा ठाण्याचा प्रमुख वाईट माणूस नव्हता. पोटाच्या दुखण्याने बेजार होता आणि त्याला एका ओळीत बसेल असं उत्तर हवं होतं.

"परवा येताहेत," मिफ्ताह म्हणाला. "अमिराचा वकील मिर्झा शुकूर, बाय स्वतः, आणि..." त्याने कागदावर बोट ठेवलं. "'सदर स्त्रीची कन्या.'"

खुशकदमच्या हातातला सदरा पाण्यात सुटला.

ती मूळची खुरासानची. नऊ वर्षांची असताना तुर्कमान घोडेस्वारांनी तिला शेताच्या बांधावरून उचललं आणि बुखाऱ्यात आणून विकलं. तेव्हा तिचं नाव तावूस होतं. बायच्या घरात ते खुशकदम झालं, म्हणजे शुभ पावलांची. त्या वर्षी बायच्या धंद्याला बरकत आली म्हणून नाव टिकलं. नाहीतर तीच पांढऱ्या पायाची ठरली असती. अठराव्या वर्षी तिला बायपासून मुलगी झाली. बायने मूल आपलं म्हटलं, आणि त्याच्या थोरल्या बायकोने, बीबीने, ते आपल्या मांडीवर घेतलं, कारण तिची कूस उजवली नव्हती. ओयदिन बीबीला आई म्हणायला शिकली. जिने तिला पाजलं, तिला ती घरातल्या इतरांसारखीच खुशकदम म्हणायची. "खुशकदम, माझी वेणी घाल." "खुशकदम, माझ्यापाशी झोप." यात काही वावगं आहे हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं, आणि खुशकदमने कधी ठाऊक करून दिलं नाही.

हिवाळा सरताना ओयदिनचं लग्न ठरलं. पाहुणे घरी येणार म्हटल्यावर बीबीच्या लक्षात आलं, की नवरीच्या तोंडावळ्याची गुलामण घरात वावरताना दिसायला नको. विकायला बाजार राहिला नव्हता. पण भेट म्हणून द्यायला कोण अडवणार? खुशकदमला बीबीच्या भावाकडे धाडायचं ठरलं. त्या भावाकडून मागे एक बाई आंधळी होऊन परत आली होती. म्हणून एका दुपारी खुशकदमने बीबीचा जुना बुरखा अंगावर घेतला आणि दर्ग्याला निघालेल्या बायकांच्या गाडीत ती चढून बसली. बुरख्यात मालकीण आणि गुलामण सारख्याच दिसतात. दर्ग्यापाशी तिने दुसरी गाडी धरली, मग तिसरी. नवव्या दिवशी ती ठाण्याच्या फाटकातून आत आली.

तेव्हापासून तिने बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. फाटकासमोरच्या पॉपलरच्या झाडाखाली बायचे दोन नोकर आळीपाळीने बसून असायचे. खरबूज खायचे, बिया थुंकायचे, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायचे. ते आत येत नसत, आणि ती बाहेर गेली असती तर त्यांनी तिला सोडलं नसतं. एकीकडे रशियनांचा पहारा तिला राखत होता आणि दुसरीकडे तोच पहारा तिला रोज सांगत होता, की या दहा-वीस पावलांच्या अंगणाबाहेर तुझी जबाबदारी आमच्यावर नाही. ती शिपायांचे कपडे धुवायची, भाकरी भाजायची, आणि संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसायची. फाटकाकडे तोंड करून बसलं की ते दोघे हात हलवायचे.

ठरल्या दिवशी ते आले, आणि कॅप्टनने मायलेकींना स्वयंपाकघरात थोडा वेळ बोलायची परवानगी दिली. ओयदिन आत आली, तिने घोड्याच्या केसांची जाळी चेहऱ्यावरून वर केली आणि म्हणाली, "आई."

खुशकदमने नकळत मागे वळून पाहिलं. बीबी आली की काय, असं तिला वाटलं.

मागे कुणी नव्हतं. चूल होती आणि कांद्यांची टोपली होती.

"कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

"काय?"

"हेच. आई म्हणायला."

"आईनेच," ओयदिन म्हणाली आणि तिने ओठ चावला. "म्हणजे, बीबीने. गाडीत बसताना बजावलं, तिथे रशियनांसमोर चुकू नकोस."

"नाही चुकलीस. बस. काही खाल्लंस का वाटेत? किती वाळलीस गं."

"असलं काही विचारू नकोस ना. मग मला रडायला येतं, आणि मला बोलायचंय." ओयदिन बसली नाही. "तू पळालीस तेव्हा माझा विचार केलास?"

"केला. बुरखा डोक्यावरून घेताना केला. पुन्हा केला असता तर पाय उचलला नसता."

ओयदिनचे डोळे भरलेच. मनगटाने पुसत ती भरभर बोलू लागली. "मुलाकडच्यांच्या कानावर गेलंय सगळं. ते म्हणतात, निकाहाच्या बायकोची मुलगी असेल तर पुढच्या महिन्यात वरात आणतो. गुलामणीची असेल तर आमची मिठाई परत द्या."

"मुलगा कसा आहे?"

"एकदाच पाहिला. भिंतीवरून." पोरीचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. "घोड्याच्या पायातला खडा काढत होता आणि त्याची समजूत घालत होता. घोड्याची."

"आणि मोडलं तर?"

"बाबा म्हणतात, कातडीवाले साबीर बाय तयार आहेत. ते काही चौकशी करणार नाहीत."

"साबीर बाय? अगं, त्याची नात तुझ्याएवढी आहे!"

"म्हणून तर चौकशी करणार नाहीत."

खुशकदमने टोपलीतला एक कांदा उचलला आणि परत ठेवला.

"मी परत आले तर काय करणार माझं?"

"वेगळी खोली देणार म्हणाले. बायकोसारखी. नोकरांना सांगून ठेवलंय."

"आणि तुझं लग्न झाल्यावर?"

ओयदिनने जाळीची कड सरळ केली. मग म्हणाली, "ते मला माहीत नाही. तेव्हा मी तिथे नसेन."

पढवून पाठवलेली पोर, पण इतकं खोटं तिच्याच्याने बोलवेना. त्याबद्दल खुशकदमला तिचा अभिमान वाटला.

मिफ्ताहने दारावर टकटक केली. सगळे कचेरीत जमले होते. ओयदिन पुढे गेली, आणि खुशकदमने बोळात मिफ्ताहला अडवलं.

"मुल्ला, एक सांगा. बायकोला असं काय करता येतं, जे गुलामणीला करता येत नाही?"

"बायकोला? रुसता येतं."

"थट्टा नको. आणखी?"

"मेहेर मागता येतो, निकाहात कबूल केलेला पैसा. माहेरी जाता येतं. मेहेर सोडून दिला तर तलाक मागता येतो, आणि..." मिफ्ताह थांबला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "आपा, काय चाललंय तुझ्या डोक्यात?"

"आणि नवऱ्याने नाही म्हटलं तर?"

"तर काझीपुढे जायचं. बाई आमच्या हद्दीत, म्हणजे काझी आमच्या हद्दीतला. पण आधी ऐक." त्याने आवाज खाली आणला. "पानगळीत सुटलेल्यांचा काफिला खुरासानला जाणार आहे, आमच्या पहाऱ्यात. त्यांचे कागद मीच लिहितोय. तुझाही लिहून ठेवलाय. 'तावूस, खुरासानची, पकडून आणलेली, आता मुक्त.' नुसता शिक्का मारायचा राहिलाय. बायको म्हणून एकदा नोंद झाली की तो कागद फाडावा लागेल मला, आणि कागदावाचून काफिल्यात कुणाला घेत नाहीत. बायको पकडून आणलेली नसते, आपा."

"म्हणजे मला कधी कुणी विकलंच नाही, असं होणार."

"कागदावर, हो. आणि पुढे कुणापुढे तसं म्हणालीस, तर खोटी तू ठरशील."

खुशकदम भिंतीला टेकून उभी राहिली. मागच्या महिन्यात ठाण्यात आलेल्या हुस्निये नावाच्या, तिच्याच गावाकडच्या लंगड्या बाईने तिला सांगितलं होतं, की तुझा भाऊ अजून जिवंत आहे आणि गावची पाणचक्की चालवतो. पंचवीस वर्षं तिने भाऊ मेलेलाच धरला होता. गेला महिनाभर तो तिच्या मनात रोज थोडा थोडा जिवंत होत होता.

"चला," ती म्हणाली. "खोळंबलेत ते."

कचेरीत टेबलामागे कॅप्टन बसला होता, एक हात पोटावर. उजवीकडे मिर्झा शुकूर, रेशमी झग्यातला, सुपारीएवढ्या तोंडाचा माणूस. त्याच्यापुढे निकाहाचा कागद. शेजारी नारमुराद बाय. चार महिन्यांत तो जाड झाला होता. त्याने खुशकदमकडे पाहिलं नाही. ओयदिन कोपऱ्यात, जाळी खाली सोडून.

कॅप्टनने प्रश्न केला, मिफ्ताहने तो तुर्कीत केला. या माणसाच्या घरात ही बाई काय म्हणून राहत होती?

खोलीत माश्या घोंघावत होत्या. खुशकदमला पहिला बाजार आठवला, दात मोजायला तोंडात घातलेलं बोट आठवलं. ते बोट खारट होतं. हे सांगायला ती चार महिने थांबली होती. सांगायची तयारीही तिने केली होती, शब्द जुळवून ठेवले होते.

"बायको म्हणून लिहा," ती म्हणाली.

मिर्झा शुकूरने लांब श्वास सोडला. बायच्या चेहऱ्यावर हसू आलं. कॅप्टनने खांदे उडवले, दौतीत टाक बुडवला आणि मिफ्ताहने जड आवाजात सांगितलेलं लिहून घेतलं. मग त्याने कागदावर वाळू टाकून शाई सुकवली.

"लिहिलं का?" खुशकदमने विचारलं.

"लिहिलं," मिफ्ताह म्हणाला.

"मग पुढचं लिहा. मी नारमुराद बाय यांची निकाहाची बायको. मला यांच्या घरी नांदायचं नाही. माझा मेहेर मी सोडला. मला तलाक हवा."

मिफ्ताहने भाषांतराला तोंड उघडलं. पण त्याआधी बाय उठला होता. त्याचं तोंड लालभडक झालं होतं.

"तलाक? हिला? अरे, गुलामणीला कसला तलाक! भर बाजारात पैसे मोजून आणलीय मी हिला!"

मिर्झा शुकूरने डोळे मिटून घेतले. कोपऱ्यात ओयदिनची बोटं जाळीची कड घट्ट धरून होती, इतकी की नखं पांढरी पडली.

कॅप्टनला तुर्की येत नव्हती. त्याने मान वर केली आणि मिफ्ताहला विचारलं, काय म्हणाले ते?

चार महिन्यांत एवढी रशियन खुशकदमला कळू लागली होती. आणि काय घडलंय हेही तिला कळलं. बायनेच आपल्या तोंडाने सांगून टाकलं होतं. हेच वाक्य मिफ्ताहने त्या टेबलावर ठेवायचा अवकाश, की निकाहाचा कागद खोटा, ती गुलाम, ती मुक्त, पानगळीत काफिला, गाव, पाणचक्की, भाऊ. तिला काहीसुद्धा करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं.

मिफ्ताह तिच्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

खुशकदमने मान हलवली. फार नाही, पाहुण्याघरी आणखी चहा नको म्हणताना हलवतात, तेवढीच.

मिफ्ताह रशियनमध्ये काहीतरी म्हणाला. वाक्य लहान होतं. कॅप्टन मिशीतल्या मिशीत हसला आणि त्याने पोटावरचा हात काढला.

मिर्झा शुकूरने डोळे उघडले. पस्तीस वर्षं दरबारात घालवलेला माणूस. त्याने एकदा दुभाष्याकडे, एकदा बाईकडे पाहिलं, आणि बायच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं.

"बायसाहेब," तो अगदी गोड आवाजात पुटपुटला, "आता जेवढं तोंड उघडाल तेवढं फाटेल. तीनदा तो शब्द म्हणा आणि गाडीत बसा."

"पण घरातले बाकीचे? ते बघतील, आणि उद्या..."

"घरात बाकीचे कोण? तुमच्या घरात गुलाम नाहीत. आत्ताच लिहून झालंय. म्हणा."

बायने तीनदा तो शब्द उच्चारला. म्हणताना तो खिडकीकडे बघत होता. कॅप्टनने जनरलसाठी एक ओळ लिहिली: पळून आलेल्या गुलामाचे प्रकरण नव्हते, घरगुती तंटा होता, मिटला. मिर्झा शुकूरने अमिरासाठी जवळपास तीच ओळ लिहून घेतली. दोन्ही दरबारांची अब्रू राहिली. चहा आला. खुशकदमला कुणी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही, तेव्हा ती आपणच बाहेर आली.

अंगणात मिफ्ताह तिच्या मागोमाग आला.

"काय सांगितलंत त्यांना?" तिने विचारलं.

"म्हटलं, बाय म्हणतात, असली भांडणं घरोघरी असतात." त्याने बाहीने कपाळ पुसलं. "नऊ वर्षं हे काम करतोय, आपा. शब्द इकडचा तिकडे केला नव्हता कधी." आणि तो वळून आत गेला. थोड्या वेळाने कागद फाटल्याचा आवाज तिला आला, का तिला तसं वाटलं, कोण जाणे.

गाडी फाटकाशी लागली होती. बाय आत तोंड फिरवून बसला होता. पॉपलरखालचे ते दोघेही आपलं बोचकं बांधून गाडीच्या मागे उभे होते. ओयदिन अंगण ओलांडून निघाली, आणि खुशकदमपाशी येऊन थांबली. जाळी तिने वर केली नाही. आता ऐकायला कुणी रशियन नव्हता.

"खुशकदम," ती म्हणाली. "वेणी माझी मीच घालते आता. वाकडी होते."

"होऊ दे. वाकडी असली तरी घट्ट घालत जा."

"तू कुठे राहशील?"

"आहे की हे. भाकरी आवडते यांना माझी."

ओयदिनने बुरख्यातून हात बाहेर काढला, खुशकदमची ओली बाही नुसती चिमटीत धरली आणि सोडली. बायने गाडीतून हाक मारली.

त्यानंतर फाटक उघडंच असायचं. पहाऱ्यावरचा शिपाई खुणेने म्हणायचा, जा, बाजार बघून ये. पण खुशकदम फाटकापर्यंत जायची आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परत फिरायची. पाय उचलतच नसत. पंधरा-वीस दिवसांनी ती पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या मीठवाल्यापर्यंत गेली आणि मीठ न घेताच धावत परत आली. शिपाई हसले. मिफ्ताह हसला नाही.

मिर्झा शुकूरच्या पुढच्या पत्रात भलत्याच कामाच्या मजकुराखाली एक ओळ होती, की नारमुराद बाय यांच्या कन्येचा विवाह थाटात पार पडला. मिफ्ताहने ती तिला दोनदा वाचून दाखवली. तिने तिसऱ्यांदा वाचायला सांगितली.

पानगळ सुरू झाली आणि काफिला निघायची वेळ आली. साठ-सत्तर माणसं, प्रत्येकाच्या छातीशी चामड्याच्या पिशवीत शिक्क्याचा कागद. म्हातारे होते, कडेवर पोरं घेतलेल्या बायका होत्या. मोठमोठ्याने बोलत होते सगळे, आपापल्या गावांची नावं घेत होते, जणू नावं घेतली नाहीत तर गावं जागेवर राहणार नाहीत. लंगड्या हुस्नियेला गाढव मिळालं होतं. तिने खुशकदमला रिकाम्या हाताने उभं पाहिलं.

"तुझं बोचकं कुठाय?"

"मी नाही येत."

"का गं? तू तर माझ्याआधी आलीस इथे."

"मी नवऱ्याने सोडलेली," खुशकदम म्हणाली. "आमची यादी वेगळी असते."

हुस्नियेला काही कळलं नाही. पण निघायच्या घाईत तिने पुढे विचारलं नाही. "तुझ्या भावाला काय सांगू?"

काफिला हलला, गाढव चालू लागलं, तशी खुशकदमही त्याच्या मानेवर हात ठेवून शेजारून चालू लागली. मीठवाल्याचं दुकान मागे गेलं, मशीद गेली, कुंभारांची घरं गेली. गावाच्या शेवटी कालव्यावरचा पूल आला.

"सांग," ती म्हणाली, "भाचीचं लग्न झालं. घर चांगलं मिळालं."

"आणि तू?"

"एवढंच सांग."

गाढवाच्या मानेवरचा हात तिने काढून घेतला. काफिला पूल ओलांडून पलीकडच्या धुळीत शिरला. हुस्नियेने दोनदा वळून पाहिलं, मग तिला वळता येईना. खुशकदम पुलाच्या तोंडाशी उभी राहिली. मागून कापसाने लादलेली एक गाडी येऊन तिच्यापाशी थांबली.

"बाई, पलीकडे जायचंय का?" गाडीवानाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि कठड्याला अंग चोरून तिने गाडीला वाट दिली.